पडद्याबाहेरचं टेबल

"बाया दोघीच हायेत. संगं पुरुष न्हाय. पडद्याआड बसीव."

खानावळीच्या मालकांनी वाढप्याला हे हळू आवाजात सांगितलं होतं, पण हळू आवाजाची त्यांची कल्पना आणि माझी कल्पना यांत बरंच अंतर होतं. कोपऱ्यात फुलाफुलांचा एक कळकट पडदा लावलेला होता आणि वर भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'फॅमिली रूम'. मी मुकाट्यानं तिकडे वळले. खरं तर मला तो पडदा बघताक्षणी आवडला होता. आत्या मात्र बरोबर मधल्या, पंख्याखालच्या टेबलाशी थांबली, खुर्ची ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तात्या, पडदा माश्यांसाठी लावत्यात. आमी जेवायला आलोय, चोरी करायला न्हाय."

उसाच्या ट्रॅक्टरवरचे दोघे-तिघे भाकरीत तोंड घालून हसले. मालक तात्या टोपी सारखी करत म्हणाले, "तसं न्हाय बाई, बायकांना आपलं बरं पडतं म्हणून..."

"मला हितंच बरं पडतं. वारा हाय."

मग तिनं पर्स खुर्चीवर ठेवली आणि बसायच्या ऐवजी तरातरा माठाकडे गेली. झाकण काढलं, ओगराळं आत बुडवलं, दोन पेले भरले. वाढपी मागून धावला, "अवो, मी देतो की पाणी!"

"राहू द्या. मला हातानं घ्यायची सवय हाय."

आत्याबरोबर बाहेर जेवायची ती माझी पहिली वेळ. पडदा आणि माठ या दोन गोष्टी मी तिच्या उतावळेपणाच्या खात्यात टाकल्या. माठाचं खातं चुकीचं होतं, ते पुढे कळलं.

आत्या इंदापूर तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. राहायला बारामतीत, दोन खोल्यांत, एकटी. अंगानं लहानशी, डोळ्यांवर पुरुषी काळा गॉगल, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि खाली लूना. गावोगावच्या बायका तिला 'लूनावाल्या बाई' म्हणत आणि लूनाचा आवाज फाट्यावर आला की अंगणवाडीतली मुलं आपोआप ओळीत बसत. भर दुपारी ती नेहमी रस्त्यात असायची. घरून डबा न्यायचा नाही, हा तिचा नियम. "जेवण काय, घरी बी मिळतं," ती म्हणायची, "हाटेलात बसायला जायाचं असतं."

त्यात मी तिच्याकडे राहायला आले. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. बारामतीत नवे कॉम्प्युटर क्लास निघत होते, आणि पुण्याहून बी.एस्सी. झालेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी त्यांना हवी होती. क्लास सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी वीज नसायची, म्हणून कॉम्प्युटर बंद आणि मी मोकळी. गुरुवारी बाजाराची पूर्ण सुट्टी. आत्यानं दुसऱ्याच दिवशी लूनाच्या मागच्या सीटवर उशी बांधली.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं मूळ गाव बावडा, इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला. छप्पन्न सालानंतर आजोबांनी धर्म बदलला, आम्ही बौद्ध झालो. वडील शिकले, पुण्यात सरकारी नोकरीला लागले आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत मी इतकी कमी बोलायचे, की एका बाईंनी वर्षभर मला दुसऱ्याच मुलीच्या नावानं हाक मारली आणि मी 'येस मिस' म्हणत राहिले. आईनं मला एकच युक्ती शिकवली होती. कुणी 'कुठल्या तुम्ही?' विचारलं की 'पुण्याची' सांगायचं, म्हणजे बोलणं तिथंच संपतं. पुण्यात ते चालायचं. इकडे मात्र 'पुण्याची' म्हटलं की माणसं पुढं सरसावून बसत. "पुणं झालं वो. मूळ गाव?" मग आडनाव. मग 'बावड्यात कुठल्या आळीला?' ताटात भाकरी पडायच्या आत त्यांना माझी जात हवी असायची. वाईट मनानंच विचारत असं नाही. काहींना ती फक्त मिठासारखी लागायची. पण माझा घास अडायचा.

त्या पहिल्या दिवशीही तात्यांनी मला विचारलंच, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"पुण्याची," मी ताटाला सांगितलं.

"हां, मग ह्यांना अळणी दे रं," तात्या वाढप्याला म्हणाले. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. ते लहान मुलांना देतात, नाहीतर आजाऱ्यांना. आत्यासमोर लालभडक रस्सा आला आणि माझ्यासमोर वाटीभर अळणी. मला लाल हवा होता. मी अळणी प्यायले. आत्या बघत होती. परत येताना लूनाच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "अळणी कशी होती?"

"चांगली होती."

"खोटारडे! जीभ तुझी, तिखट तुझं. मी तुझ्या वतीनं मागणार न्हाय."

पुढच्या काही महिन्यांत आम्ही दोन तालुक्यांतली एकेक जागा धरून जेवलो. बारामतीत एक लिंगायत खानावळ होती. तिथं पापुद्र्यासारखी पातळ भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळायची आणि मालकीणबाई ताटाशी उभ्या राहून 'आणखी घ्या' असं रागावून सांगायच्या. एका मुसलमान भाईंची बिर्याणी होती. तिथं आत्यानं भाभींना आत स्वयंपाकघरात जाऊन गाठलं आणि मीठ किती घालता यावर वाद घातला. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावरच्या भोई बायका रस्त्याकडेला ताडपत्रीखाली चिलापी मासा तळायच्या. तिथं टेबलच नव्हतं, त्यामुळे पडद्याचा प्रश्नच आला नाही. आत्या दगडावर बसून मासा खायची आणि काटे मोजल्यासारखे ओळीनं मांडायची.

आणि महामार्गावर एका सरदारजींचा ढाबा होता. आत्यानं तिथं बाजेवर मांडी घालून ऑर्डर दिली, "भाईसाब, दाल लाव, रोटी लाव, कांदा फुकट लाव." सरदारजी हसले आणि सगळं घेऊन आले. गाव नाही, आडनाव नाही, काही नाही. मला इतकं निवांत वाटलं की मी चार रोट्या खाल्ल्या. आत्या मात्र निघताना जरा खट्टू दिसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यानं काय इचारलंच न्हाय गं. मजा न्हाय आली."

कारण तो प्रश्न म्हणजे आत्याचा खेळ होता. एकदा बारामतीत एका धोतरवाल्या आबांनी शेजारच्या टेबलावरून सुरुवात केली, "बाई, गाव कुठलं?"

"बावडा."

"बावड्यात कुणाच्या तुमी?"

"तुमी वळखा."

आबा ओळखू लागले. एक आडनाव झालं, दुसरं झालं. आत्या प्रत्येकाला 'जवळ आलात', 'लांब गेलात' असं सांगत होती. आबांची आमटी गार झाली. शेवटी आत्याच त्यांच्यावर दया करून म्हणाली, "आबा, वरची आळी का खालची, असं सरळ इचारा की. बौद्ध हाय आमी. जेवा आता, भाकरी वाळली तुमची." आबा इतके ओशाळले, की जाताना आमच्या टेबलावर केळी ठेवून गेले. आत्यानं ती शांतपणे खाल्ली. "बघ," ती म्हणाली, "सांगितलं की केळं मिळतं."

पण नेहमी केळं मिळत नसे.

एका गावात रस्त्याला लागून छोटंसं हॉटेल होतं. बसल्या बसल्या मालकानं तोच प्रश्न विचारला, आत्यानं तेच उत्तर दिलं. तो आत गेला, परत आला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "जेवण संपलं बगा."

आतून फोडणीचा वास येत होता. मी उठले. माझे पाय दाराकडे केव्हाच निघाले होते. आत्यानं माझ्या ओढणीचं टोक धरून मला खाली बसवलं.

"संपलं का? बरं," ती मालकाला म्हणाली. "मग आमी दमलोय, जरा बसतो. बसायला बंदी न्हाय न्हवं?"

तो काय म्हणणार? आत्यानं पर्समधून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि टेबलावर फोडायला घेतल्या. टरफलांचा नीट ढीग केला. तेवढ्यात दोन शेतकरी आत आले. मालकाच्या आधी आत्याच बोलली, "या दादा, बसा. पण जेवण संपलंय बरं का. मालक म्हणले आत्ताच." दोघांनी मालकाकडे पाहिलं. मालकानं छताकडे पाहिलं. ते दोघे निघून गेले. मग एक कंडक्टर आला. "संपलंय वो, कंडक्टर. शेंगा घ्या." तोही शेंगा घेऊन गेला. मग एक आख्खी जीप आली, नवरदेवाकडची असावी, फेटे वगैरे बांधलेली. आत्या उभी राहिली, पदर सावरला आणि तोंड उघडलं.

"बाई!" मालक आतून जवळजवळ ओरडलाच. "बसा बसा! निघालं जेवण! खाली पातेल्यात व्हतं!"

दोन ताटं आली. आत्यानं आधी उठून माठातलं पाणी घेतलं, अगदी सावकाश, ओगराळं दोनदा बुडवून. मग पोटभर जेवली आणि निघताना मालकाला म्हणाली, "आमटी फर्मास. आता संपत नका जाऊ लवकर."

त्या दिवशी लूनावर मागं बसून मी सीट घट्ट धरून ठेवली होती. हसू येत होतं की रडू, मला कळत नव्हतं. आत्यानं नीरेच्या कालव्याच्या कडेला गाडी थांबवली. दोघी लिंबाखाली बसलो.

"तू कशी करतेस हे?" मी विचारलं. "मला नाही जमत, आत्या. मला तिथं बसायचंच नव्हतं."

"मला बी नव्हतं बसायचं. पायात गोळे आले व्हते."

मला ते नवीन होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं गॉगल काढून पदरानं पुसला.

"माझा बाप, तुझा आज्जा, बाजारला मला संगं न्यायचा," ती म्हणाली. "चहाच्या हाटेलाभाईर वळचणीला एक कप खोचलेला असायचा. कानतुटका. आमच्यासाठी. बापानं तो काढायचा, इसळायचा, पुढं धरायचा. त्यानं वरून चहा वतायचा. पाणी मागितलं की ते बी वरूनच, वंजळीत. मी विचारायची, आत बाकडी रिकामी हायेत की, बसूया. बाप म्हणायचा, आपल्याला उभ्यानं चांगला लागतो." तिनं लिंबाची एक काडी मोडली. "धर्म बदलला तवापासनं त्यानं त्या कपाला हात लावला न्हाय. पण आत बसून प्यायचं काय त्याला हुईना. चहाच सोडला. म्हणून मी त्याच्या वाटचं बी बसती गं. आणि पाणी माझ्या हातानं घेती. माठात हात घालायला मला लई बरं वाटतं."

मग लगेच गॉगल घातला आणि लूनाला पायडल मारता मारता म्हणाली, "चल. आणि त्या कंडक्टरचं तोंड बघितलंस का? शेंगा घेतल्या बेण्यानं!"

त्यानंतर तिनं माझं शिक्षण मनावर घेतलं. बारामतीत एसटी स्टँडासमोरच्या एका शाकाहारी हॉटेलात तिनं जाहीर केलं, "आज मी मुकी. तू मागायचं." आणि खरोखर ओठ मिटून बसली. वाढपी आला. काय आणू? मी तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. शेवटी मी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या ताटाकडे बोट दाखवलं. वाढप्यानं मान डोलावली आणि आमच्यापुढं साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात आणि दाण्याची आमटी आणून ठेवली. एकादशी होती, आणि ते गृहस्थ उपवासाला होते.

मुकी आत्या हसण्याच्या भरात खुर्चीवरून घसरली. जन्मात कधी उपास न केलेल्या त्या बाईनं ते ताट चाटूनपुसून संपवलं, माझं अर्धंही घेतलं आणि बाहेर आल्यावर वाचा फुटली तेव्हा म्हणाली, "बाबासाहेबांच्या लेकीकडनं एकादशी करून घेतलीस, कार्टे. आता तरी तोंड उघडायला शीक, न्हायतर पुढच्या बारीला नवरात्र घडवशील."

वर्ष संपत आलं तेव्हा मला मुंबईत नोकरी लागली. मला वाटलं, सुटले. मोठं शहर, तिथं कुणाला कुणाचं गाव विचारायला वेळ आहे? मी आत्याला तसं म्हटलं.

"इचारत्यात," आत्या म्हणाली. "फक्त विंग्रजीत इचारत्यात. आणि तितं तुला रोज एकटीनं भाईर जेवायचंय. मी न्हाय येणार लूना घेऊन." मग म्हणाली, "तू तितं बी अळणीच पिशील का काय, येवढीच मला धाकधूक हाय बघ."

हे ती हसत म्हणाली, पण पातेलं घासत होती ते घासतच राहिली, घासून झाल्यावरसुद्धा.

माझ्या शेवटच्या गुरुवारी निरोपाचं जेवण ठरलं. कुठं, तर त्याच पहिल्या खानावळीत, बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या फाट्यावर. आत्या म्हणाली, "मला सकाळी एका अंगणवाडीत जायचंय. तू एसटीनं ये, मी तितं भेटती."

मी एसटीतून उतरले. दुपारची गर्दी होती. आत्या आलेली नव्हती. तात्यांनी मला पाहिलं, टोपी सारखी केली आणि विचारलं, "एकट्याच? का अजून कोण येणार हाय?"

"येणार आहे," मी म्हटलं, आणि सवयीनं माझे डोळे पडद्याकडे गेले. वाढप्यानं तो माझ्यासाठी बाजूला धरलासुद्धा. आतलं टेबल रिकामं होतं. मला आत जाऊन बसता आलं असतं. आत्या आल्यावर ती मला ओढून बाहेर काढणारच होती, म्हणजे तोवर बसायला हरकत नव्हती.

मी मधल्या टेबलाशी जाऊन बसले. कसं बसले ते सांगता येत नाही. पंख्याखाली खरोखरच चांगला वारा होता.

बराच वेळ गेला. आजूबाजूची ताटं उठली, नवी आली. लोक माझ्याकडे बघत होते, मग बघेनासे झाले. आत्या येईना. लूना बंद पडली असेल, अंगणवाडीत काही झालं असेल, असं मनात येऊ लागलं. म्हणून मी दारातून रस्त्याकडे पाहिलं. समोर एक रसवंती होती, उसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू छुमछुम वाजत होते. रसवंतीमागच्या बाभळीखाली एक लूना उभी होती. मागच्या सीटवर उशी बांधलेली.

आणि रसवंतीच्या चटईच्या भिंतीला एक चांगलं मोठं भोक होतं. त्या भोकात काळा गॉगल दिसत होता.

मला आधी राग आला. म्हणजे ही बाई मी यायच्या आधीपासून तिथं बसून रस पीत होती! मग लक्षात आलं, रसाचा पेला तिच्या हातात भरलेलाच होता. तो तोंडाला लागत नव्हता. एवढ्या उन्हात तिनं एक घोटही घेतलेला नव्हता.

मी उठले. माठाकडे गेले. झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, पेला भरला. वाढपी धावला नाही, त्याला आता आमच्या घरची रीत माहीत झाली होती. पाणी गार होतं. मी तिथंच उभी राहून अर्धा पेला प्यायले आणि परत माझ्या टेबलाशी येऊन बसले.

तात्या ताट घेऊन स्वतः आले. वाटीत पांढरं पाणी होतं. "घ्या," ते मायेनं म्हणाले, "तुमी पुण्याच्या न्हवं? तुमच्यासाठी अळणी काढून ठेवली व्हती." मग ताट ठेवता ठेवता, मिठाची चिमूट टाकावी तितक्या सहज, "तसं तुमचं मूळ गाव कंचं म्हणायचं?"

घुंगरू थांबले होते. चरक बंद झाला असावा. मला तर वाटलं, सगळा फाटाच थांबलाय. मी मान वर केली आणि रस्त्यापलीकडच्या त्या भोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"बावडा, तात्या. बौद्ध आहे मी. ही अळणी घेऊन जा आणि लाल रस्सा वाढा. आणि समोर रसवंतीत ज्या बाई लपून बसल्यात ना, त्यांना कुणीतरी सांगा, भाकरी गार होतेय म्हणून!"